बुलढाणा जिल्ह्यांतील महाविद्यालयीन लसटोचणीचे कागद व त्यांची पूर्वपरंपरा

इ. स. २०२१ च्या ऑक्टोबरच्या २० तारखेस, शके १९४३ च्या आश्विन पौर्णिमेस, महाराष्ट्रांतील महाविद्यालयांचे दरवाजे दीर्घ कालानंतर उघडले. परंतु ते सर्वांस उघडले नव्हते. अठरा वर्षांवरील ज्या विद्यार्थ्यानें कोविड रोगावरील लसीच्या दोन्ही मात्रा घेतल्या असतील त्यासच वर्गांत बसूं द्यावें, इतरांच्या शिक्षणाची सोय दूरस्थ पद्धतीनें चालू ठेवावी, आणि ज्यांची लस राहिली असेल त्यांच्याकरितां विद्यापीठ व महाविद्यालयें यांनीं आपल्या आवारांतच टोचणी घडवून आणावी, असें सरकारचें धोरण होतें. बुलढाणा, खामगांव, शेगांव, मलकापूर, मेहकर, चिखली येथील महाविद्यालयांच्या दप्तरांत या धोरणापासून जे कागद उत्पन्न झाले, त्यांस अद्याप दहा वर्षेंहि लोटलीं नाहींत. ऐतिहासिक कागद म्हणतांच ज्यांच्या डोळ्यांपुढें मोडी रुमाल उभे राहतात त्यांस हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा वाटणें साहजिक आहे. परंतु पेशवाईंतला चांगल्या कागदावरचा ताळेबंद अडीचशें वर्षें टिकतो, आणि परवांच्या साथीचा दाखला फोन बदलतांच नाहींसा होतो. तेव्हां हे कागद कोणते, त्यांचे पूर्वज कोणते, व ते कसे वाचावे, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयीं. जुन्या कागदांत साथीच्या रोगांचीं नांवें फार सैल वापरलेलीं आढळतात. 'मरी' व 'वाखा' हे शब्द बहुधा पटकीस लावीत. 'मरी' म्हणजे प्लेगच असें गृहीत धरून एखादें गांव ओस पडल्याचा काल ठरवूं गेल्यास चूक होण्याचा मोठा संभव. प्लेगास 'गाठीचा ताप' किंवा वृत्तपत्री भाषेंत 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. १९१८ च्या इन्फ्लुएंझास लोकांनीं 'मानमोडी' हें नांव दिलें. सर्वांत फसवा शब्द मात्र 'देवी' हा होय. 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला, आणि 'देवी काढल्या' म्हणजे रोग न व्हावा म्हणून लस टोचली. हीं दोन क्रियापदें घाईनें वाचतांना एकमेकांच्या जागीं पडलीं कीं कागदाचा अर्थ नेमका उलटा होतो, आणि मोडींत तशी घाई कोणाकडून होत नाहीं?

देवीच्या लसीचा हिंदुस्थानांतील आरंभ तारखेनिशीं ठाऊक आहे. एडवर्ड जेन्नर यानें इंग्लंडांत १४ मे १७९६ रोजीं पहिला प्रयोग केला व १७९८ सालीं तो प्रसिद्ध केला. ही लस बगदाद व बसरा या मार्गानें माणसाच्या दंडावरून माणसाच्या दंडावर अशी जिवंत ठेवीत मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं (शके १७२४) ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. तिच्या दंडावरील फोडांतून घेतलेल्या लसीनें पुढें इतरांस टोचलें, आणि पुणें, सुरत इत्यादि ठिकाणीं लस पोंचली. तत्पूर्वीं बंगालकडे खऱ्या देवीचाच पू टोचून सौम्य रोग आणण्याची चाल होती, व तें काम करणारांस टीकादार म्हणत; गाईच्या देवीची लस ही त्याहून निराळी व पुष्कळच निर्धोक.

दंडावरून दंडावर लस नेण्याची ही पद्धति ध्यानांत ठेवल्यावांचून जुन्या टोचणीपत्रकांचा उलगडा होत नाहीं. मूल टोचल्यावर आठव्या दिवसाच्या सुमारास फोड भरून येई. टोचणारा त्या वेळीं पुन्हां येऊन टोचणी 'उठली' कीं नाहीं तें पाही, आणि त्याच फोडांतून पुढच्या मुलांकरितां लस घेई. म्हणून एका गांवाच्या पत्रकांत दोन तारखा सुमारें एक आठवड्याच्या अंतरानें दिसतात. उन्हाळ्यांत लस मरते, सबब हें काम हिंवाळ्यांत चाले. वैशाख-ज्येष्ठांतील तारीख दिसल्यास वाचणारानें महिना पुन्हां तपासावा. लोकांचा विरोधहि याच पद्धतींतून वाढला. कोणत्या जातीच्या मुलाच्या दंडांतील लस आपल्या मुलाच्या अंगांत जाणार, हा प्रश्न पालक विचारीत. आणि ज्या मुलाचा फोड फोडावयाचा त्याच्या आईसहि ती गोष्ट आवडत नसे. पुढें वासरापासून लस काढूं लागले तेव्हां पहिला आक्षेप गेला, व गोवंशाविषयींचा दुसरा उभा राहिला. पत्रकांत जातीचा रकाना सांपडल्यास तो केवळ शिरगणतीच्या हौसेनें घातला असें समजूं नये.

वऱ्हाडच्या कागदांचें स्थान हा एक निराळाच घोळ आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेंत दिलें. परंतु मालकी निजामाची राहिली, म्हणून कायद्याच्या भाषेंत हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता, 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' होता. यास्तव ब्रिटिश हिंदुस्थानाकरितां झालेले कायदे येथें आपोआप लागत नसत. ते जाहीरनाम्यानें लावावे लागत. १८८० चा टोचणीचा कायदा असो कीं १८९७ चा साथरोगांचा कायदा असो, मुंबई इलाख्यांतील तारीख जशीच्या तशी बुलढाण्यास लावणें धोक्याचें. १९०२ सालीं कायम पट्टा झाला व १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडलें गेलें. १९०५ सालीं खामगांव व जळगांव (जामोद) हे तालुके बुलढाणा जिल्ह्यांत आले. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. परिणाम असा कीं, खामगांवच्या एखाद्या टोचणीपत्रकाचा वरिष्ठ पत्रव्यवहार हैदराबाद रेसिडेन्सीच्या दप्तरांत असेल, नागपुरास असेल, किंवा मुंबईस असेल. आणि १९०५ पूर्वींचा असल्यास जिल्हाहि दुसराच निघेल. या एका अडचणीमुळें वऱ्हाडच्या साथींचा इतिहास पुण्या-मुंबईच्या मानानें फारच थोडा लिहिला गेला आहे.

आतां महाविद्यालयाचें आवार व लस यांचा संबंध. तो २०२१ सालीं नवीन जुळला असें नाहीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईस मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ऑक्टोबरांत हाफकिन हा शास्त्रज्ञ तेथें आला, आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली व तिच्यापुढची ओसरी. तेथेंच प्लेगाची लस तयार झाली, व १० जानेवारी १८९७ रोजीं (शके १८१८) त्यानें ती प्रथम आपल्याच अंगांत टोचून घेतली. त्यानंतर महिना लोटण्यापूर्वींच, ४ फेब्रुवारीस, साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांच्या त्या कायद्यानें सरकारच्या हातीं केवढी सत्ता दिली व पुण्यास तिचा वापर कसा झाला, हें वाचकांस सांगावयास नको. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें कोविडचे नियम काढले ते याच १८९७ च्या कायद्याच्या आधारें.

प्लेगच्या टोचणीबरोबर एक नवा कागद जन्मास आला, तो म्हणजे टोचणीचा दाखला. मुंबई इलाख्यांत ज्यानें टोचून घेतलें त्यास दाखला मिळे, आणि तो दाखविणारास प्लेगच्या जाचक निर्बंधांतून कांहीं सूट मिळे. मद्रास इलाख्यांत तर बाधित मुलखांतून येणाऱ्या उतारूस 'प्लेग पासपोर्ट' देत व त्यास ठराविक दिवस रोज हजेरी द्यावी लागे. देवीच्या टोचणीपत्रकांत मुलाची नोंद सरकारच्या दप्तरांत राही. प्लेगचा दाखला माणसाच्या खिशांत राहूं लागला, आणि त्यावर त्याचें जाणें-येणें अवलंबूं लागलें. २०२० सालचा जिल्ह्याबाहेर जाण्याचा ई-पास व २०२१ सालचा दोन मात्रांचा दाखला हे याच वंशांतले.

बाटलीच्या क्रमांकाचेंहि मूळ येथेंच शोधावें लागतें. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं प्लेगची लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. सर्वांस एकाच बाटलींतील लस दिली होती, आणि तिचा क्रमांक ५३-एन हा नोंदलेला होता म्हणूनच चौकशी पुढें सरकली. दोष प्रयोगशाळेंत झाला कीं बाटली उघडतांना, यावर अनेक वर्षें वाद चालला. हाफकिनवर आळ आला, आणि १९०७ सालीं तो दूर झाला. २०२१ च्या दाखल्यावर मात्रेच्या तारखेपुढें जो 'बॅच' क्रमांक छापलेला दिसतो, तो एरव्हीं निरुपयोगी अक्षरांचा पुंजका वाटतो. संग्राहकानें नक्कल करितांना तो गाळूं नये.

वऱ्हाडांत प्लेगची आठवण सरकारी कागदांपेक्षां भक्तिग्रंथांत अधिक टिकली आहे. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथांत मुंडगांवचा पुंडलिक भोकरे हा शेगांवच्या वारीस निघाला असतां वाटेंत त्यास गाठीच्या तापानें ग्रासल्याचा प्रसंग आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं, रोगाची पहिली खूण काखेंतील गाठ ही सामान्य वारकऱ्यासहि ओळखतां येत होती. १९१८ च्या मानमोडीस लस नव्हतीच. मध्यप्रांत व वऱ्हाड हा त्या साथीनें सर्वांत अधिक होरपळलेल्या प्रांतांपैकीं एक असून तिचे घरगुती कागद मात्र अत्यंत विरळ, कारण लिहिणारांचींच घरें आजारी होतीं. देवीचा रोग हिंदुस्थानांत मे १९७५ मध्यें शेवटचा दिसला, व ८ मे १९८० रोजीं तो जगांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. टोचणीचीं जुनीं पत्रकें त्यानंतर निरुपयोगी म्हणून किती ठिकाणीं जाळलीं गेलीं असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

कोविडच्या साथीकडे वळूं. बुलढाणा जिल्ह्यांत या रोगाचा पहिला मृत्यु मार्च २०२० च्या अखेरीस झाला. त्याच महिन्यांत शेगांवचें मंदिर बंद झालें, महाविद्यालयेंहि बंद झालीं. प्रारंभीं घशाचे नमुने नागपुरास पाठवावे लागत; पुढें अकोल्यास, आणि त्याच उन्हाळ्यांत अमरावतीस विद्यापीठाच्या आवारांतच तपासणीची प्रयोगशाळा उघडली. हें संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजीं स्थापन झालेलें असून अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा हे पांच जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात. हातांत खराटा घेऊन गांवोगांव झाडीत हिंडलेल्या पुरुषाचें नांव ज्या विद्यापीठास आहे, तेथें साथीच्या दिवसांत रोगपरीक्षेचें काम चालावें हा योग लक्षांत राहण्यासारखा. बुलढाण्यास टाटा ट्रस्टच्या साह्यानें १०६ खाटांचें कोविड रुग्णालय उभें राहिलें, तेंहि त्याच वर्षीं.

लसटोचणी १६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झाली. प्रथम आरोग्यसेवक, १ मार्चपासून साठीवरील व इतर व्याधी असलेले पंचेचाळिशीवरील, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीवरील सर्व. विद्यार्थ्यांची पाळी १ मे रोजीं आली आणि लसीच्या तुटवड्यामुळें महाराष्ट्रांत ती दोन आठवड्यांच्या आंतच थांबली. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांची टोचणी पुन्हां सुरळीत चालू झाली ती जूनच्या उत्तरार्धांत. दरम्यान १५ फेब्रुवारीस निम्म्या उपस्थितीनें महाविद्यालयें उघडण्याची मुभा मिळाली होती. परंतु अमरावती विभागांत रोग त्याच आठवड्यांत उसळला, आणि बुलढाण्यासह पांचहि जिल्ह्यांत निर्बंध आले. फेब्रुवारी २०२१ मधील ज्या नोटिशींत महाविद्यालय उघडल्याचें लिहिलें आहे, ती वाचून वर्ग भरले असें कोणी अनुमान करूं नये. त्याच फळ्यावर पुढच्या नोटिशीनें ती रद्द झालेली असावयाची.

आतां या लेखाचा मुख्य मुद्दा. २० ऑक्टोबरची अट दोन मात्रांची होती. पुण्याच्या सीरम संस्थेच्या 'कोव्हिशील्ड' लसीच्या दोन मात्रांतील अंतर आरंभीं चार आठवडे होतें. मार्चांत तें सहा ते आठ आठवडे झालें, आणि १३ मे २०२१ रोजीं बारा ते सोळा आठवडे. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. २० ऑक्टोबरपासून मागें ८४ दिवस मोजल्यास २८ जुलै येते. अर्थात् ज्यानें कोव्हिशील्डची पहिली मात्रा २८ जुलैनंतर घेतली, त्यास कितीहि इच्छा असली तरी दरवाजे उघडण्याच्या दिवशीं दुसरी मात्रा मिळणें अशक्य होतें. १ ऑगस्टला घेणाराची पाळी २४ ऑक्टोबरला येई. 'कोव्हॅक्सिन' लसीचें अंतर २८ दिवसांचेंच, म्हणून ती मिळालेला विद्यार्थी सप्टेंबरांत आरंभ करूनहि आंत जाऊं शके. सारांश, दोन सहाध्यायांपैकीं एक वर्गांत व एक बाहेर राहिला तर त्याचें कारण पुष्कळदां आळस किंवा भीति नसून, त्याच्या गांवच्या आरोग्यकेंद्रांत त्या दिवशीं कोणती कुपी आली होती, हें असे. हा नियम कठोर होता असें आमचें मत आहे. साथीच्या भयानें तो केला हें मान्य करूनहि. निदान पुढील संशोधकानें 'लस न घेतलेले' या यादींतील प्रत्येक नांवापुढें पहिल्या मात्रेची तारीख व लसीचें नांव ताडून पाहिल्यावांचून त्यांच्या वृत्तीविषयीं विधान करूं नये.

राहिलेल्यांकरितां २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळांत 'मिशन युवा स्वास्थ्य' या नांवानें महाविद्यालयांच्या आवारांत टोचणीची मोहीम झाली. अखेरचा दिवस धनत्रयोदशीचा, धन्वंतरीच्या पूजेचा पडला, तो योगायोगच. या शिबिरांची मांडणी ठरलेली असे : एका खोलींत प्रतीक्षा व नांवाची पडताळणी, दुसरींत टोचणी, तिसरींत अर्धा तास निरीक्षण. कोव्हिशील्डच्या एका कुपींत दहा मात्रा, आणि कुपी उघडल्यावर ती चार तासांत संपवावी लागे. म्हणून दहा माणसें जमेपर्यंत कुपी सहसा उघडीत नसत. शिबिराच्या यादींत दहाच्या पटींत खूण अथवा रेघ ओढलेली आढळल्यास ती नवी कुपी उघडल्याची असण्याचा संभव आहे. लस २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावी लागे, ही अडचण हिंवाळ्याची वाट पाहणाऱ्या जुन्या देवी टोचणारांस अपरिचित नव्हती. फरक एवढाच कीं आतां शीतकपाट आलें होतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नोव्हेंबर व डिसेंबर २०२१ च्या हजेरीपटांत उपस्थिति अत्यंत अल्प दिसेल. तिचें कारण लस नव्हे. नोव्हेंबरच्या आरंभीं राज्य परिवहनाच्या कर्मचाऱ्यांचा संप पसरला व एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. या जिल्ह्यांत आगगाडीचा मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव असा उत्तरेच्या सपाटीवरून जातो. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा या बाजूच्या खेड्यांतील विद्यार्थ्यास एस.टी. वांचून महाविद्यालय गांठणें कठीण. दाखला खिशांत आणि गाडी बंद, अशी स्थिति होती. त्यांतच जानेवारी २०२२ मध्यें ओमायक्रॉन प्रकारामुळें वर्ग पुन्हां बंद झाले, ते १ फेब्रुवारीस उघडले. एप्रिल २०२२ च्या आरंभीं राज्यांतील निर्बंध उठले, आणि दाखला विचारणें बंद झालें.

दाखल्याच्या बाह्यांगाविषयीं थोडें. एका मात्रेनंतर मिळणारा तो तात्पुरता व दोन्हींनंतरचा तो अंतिम. त्यावर नांव, वय, ओळखपत्राचे शेवटचे अंक, लसीचें नांव, तारीख, टोचणाराचें नांव, स्थळ, आणि कोपऱ्यांत काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक आकृति असते. या आकृतींत मजकूर व सरकारची अंकात्मक सही गुंफलेली असून, यंत्रानें ती वाचल्यास कागद खरा कीं बनावट हें कळावें अशी योजना होती. जुन्या पत्रावर 'मोर्तब सुद' जें काम करी तेंच काम हिचें. परंतु शिक्का डोळ्यांनीं वाचतां येतो. ही आकृति तपासणारें यंत्र व त्यामागील कोठार चालू असेपर्यंतच बोलते. दुसरी गोष्ट अशी कीं, कोविन या संकेतस्थळावरून दाखला पुन्हां उतरून घेतां येई, व त्याचें रूप मध्यंतरीं बदले. पंतप्रधानांचें चित्र आरंभीं त्यावर असे. निवडणुकांच्या काळांत कांहीं राज्यांत, व २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं सर्वत्र, तें काढलें गेलें. परदेशीं जाणारांकरितां जन्मतारखेसह निराळी प्रतहि निघूं लागली. तेव्हां एकाच माणसाच्या एकाच मात्रेच्या दोन प्रती परस्परांशीं जुळल्या नाहींत तर त्यांतील एक बनावट असा निर्णय घाईनें देऊं नये. प्रत केव्हां उतरली तें आधीं पाहावें. मूळ व नक्कल यांचा जो भेद आपण पिढ्यान्पिढ्या मानीत आलों, तो येथें लागूच पडत नाहीं, कारण येथें मूळ असें कागदावर कधीं नव्हतेंच.

संग्राहकांनीं काय जमवावें, याविषयीं आमची सूचना अशी. दाखले घरोघर आहेत; त्यांहून दुर्मिळ होणारे कागद म्हणजे महाविद्यालयांच्या सूचनाफळ्यांवरील नोटिशी, शिबिरांच्या हस्तलिखित याद्या, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांच्या कामवाटपाचे तक्ते, वसतिगृहांचीं विलगीकरणाचीं पत्रें, आणि 'माझी दुसरी मात्रा अमुक तारखेस येते, तोंवर वर्गांत बसूं द्यावें' अशा आशयाचे विद्यार्थ्यांचे अर्ज सांपडल्यास ते. यांपैकीं पुष्कळ मजकूर फोनवरच गेला. जो कागदावर उतरला तो रद्दींत जाण्याच्या बेतांत आहे. याद्यांत आधार क्रमांक व फोनचे आंकडे असतात, आणि ज्यांचे ते आहेत तीं माणसें आज तरुण व हयात आहेत. सबब अशा याद्यांची नक्कल मंडळाकडे पाठवितांना हे आंकडे व नांवें काळ्या शाईनें झांकावीं, परंतु पहिल्या मात्रेची तारीख, लसीचें नांव, बॅच क्रमांक व गांव हीं मात्र तशींच ठेवावीं. पांढऱ्या गुळगुळीत पावतीच्या कागदावर उष्णतेनें छापलेला मजकूर थोड्या वर्षांत उडून जातो; त्याची साध्या कागदावर प्रत प्रथम काढून घ्यावी.